जंगलकाठच्या गावातल्या वनस्पती नोंदवायच्या, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न विचारणाऱ्या बाई नागपूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात. पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या एका गोंड वस्तीच्या गावात त्यांना वनस्पतींचं वैविध्य आणि गावकरी करत असलेला त्यांचा वापर यांची नोंद करायची आहे. हाताशी मे महिन्याच्या सुटीचे पंधरा दिवस आणि सोबत चार विद्यार्थिनी आहेत. किती प्लॉट (झाडं मोजायला आखलेले चौकोन) टाकावेत, किती लोकांना भेटावं, औषधी वनस्पतींची यादी निदान शंभराची व्हावी यासाठी काय करावं आणि परवानगी कुणाची लागते, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, शंभराचा आकडा आधी डोक्यातून काढा. शंभर नावं जमवणं मुळीच अवघड नाही. सप्टेंबरात शिवारातून चक्कर मारायची, धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) तणं, बोडीकाठचं (लहान तळ्याच्या काठचं) गवत, नाल्यातली झुडपं लिहून काढायची आणि पुस्तकात बघून प्रत्येकापुढे एकेक आजार लिहायचा, की झाली यादी. अशा याद्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यांच्यातून त्या गावाबद्दल काहीच कळत नाही. माणसं काय खातात, काय विकतात, कोणतं झाड कमी होत चाललंय, कोणत्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही, यातलं एकही उत्तर सापडत नाही. वरचं गावाचं नाव बदललं तरी यादी तशीच खपते.

जंगलकाठच्या गावाचा झाडांशी व्यवहार महिन्यांनी बांधलेला असतो. म्हणून तुमच्या वहीचा कणा वर्ष असू द्या, जातींची यादी त्यावर आपोआप चढेल. प्रत्येक वापरापुढे पाच गोष्टी लिहायची सवय मुलींना लावा: झाडाचा कोणता भाग, तो किती कोवळा किंवा जून, कोणत्या पंधरवड्यात, कुणाच्या हातानं आणि कुठून आणलेला. पळसाचंच बघा. पत्रावळी-द्रोणासाठी पान तोडतात तेव्हा ते नुसतं हिरवं असून भागत नाही. फार कोवळं असलं तर सुकल्यावर आक्रसतं, फार जून झालं तर काडी टोचताना फाटतं. फुलं शिमग्याला रंगासाठी येतात. मुळं ठेचून त्यांच्या धाग्याचे दोर वळतात. खोडातून लाल डिंक झरतो, फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्यांचे मेढे उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी मारबतीच्या आरोळीसोबत गावाबाहेर जातात. 'पळस – पाने, फुले, मूळ उपयुक्त' या एका ओळीत यातलं काय उरतं?

आता तुमचे मे महिन्याचे पंधरा दिवस काय दाखवतील ते सांगतो. आपलं जंगल उष्ण कटिबंधातलं शुष्क पानगळीचं, सागाचं वर्चस्व असलेलं. मेमध्ये साग उघडा, ऐन, धावडा, लेंडिया बहुतेक उघडेच. खाली पाचोळा, गवत चरलेलं नाहीतर जळालेलं. पावसाळी शाकीय वनस्पती बियांच्या आणि कंदांच्या रूपात मातीत. आणि गाव तेंदूपत्त्यात गुंतलेलं. माणसं पहाटे जंगलात शिरतात, ऊन चढायच्या आत पानांचे गठ्ठे घेऊन परततात, मग सावलीत बसून घरातले सगळे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजणी होते. आपल्याकडे एका पुड्यात ७० पानं आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. वर्षातला रोख पैसा बऱ्याच घरांत याच दिवसांत येतो. अशा वेळी एखाद्या बाईसमोर प्रश्नावली उघडून बसलात तर तिचे तेवढे पुडे बुडाले.

तेच पंधरा दिवस चार तुकड्यांत वाटून घ्या. पहिला तुकडा जुलैच्या सुरुवातीला, रानभाज्यांचा. दुसरा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. गवतं, वेली, कंदवर्गीय वनस्पती फुलावर असतात आणि सागही पावसाळ्यातच फुलतो. तिसरा डिसेंबरच्या आसपास, धान निघाल्यावर. आवळा, बेहडा, छपराचं गवत, बांबूकाम आणि निवांत बोलणारी माणसं तेव्हा भेटतात. चौथा मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मोहासाठी. मे महिन्यात दोन दिवस जा, नुसतं बघायला आणि पुडे बांधायला हात लावायला.

जायच्या आधी मुलींना सेमिनरी हिल्स आणि गोरेवाड्याला न्या आणि पान नसताना झाड ओळखायला शिकवा. महाविद्यालयात आपण पान-फूल घेऊन ओळख शिकवतो, गावातली माणसं सालीवरून, कापावरून, वासावरून ओळखतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खोल चिरलेली, धावड्याची गुळगुळीत आणि राखट, तेंदूची काळी, चौकोनी भेगांची, सालईची कागदासारखे पापुद्रे सुटणारी. एवढं डोळ्यांत बसलं तरी गावातल्या माणसासोबत चालताना बोलणं होऊ शकतं, नाहीतर तो दाखवत राहतो आणि आपण नुसते फोटो काढत राहतो.

रानभाज्या आणि जुलै

मृगाचे पाऊस होऊन आठ-पंधरा दिवस गेले की भाजी जंगलात, धुऱ्यावर आणि अंगणात एकदमच उगवते. तरोटा, केना, घोळ, सांदवाडीतला (परसातला) धोपा, थोडं पुढे काटवल. वारुळांवर सात्या, म्हणजे अळंबी, येतात, त्या दोन-चार दिवसांचाच खेळ. बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंबही याच दिवसांतले. इथे नाव विचारून पुढे जाऊ नका, निवडताना बाजूला बसा. एकदा मी तरोट्याची जुडी खुडून एका आजींकडे दिली. त्यांनी निम्मी बाजूला काढली. "हा जून झाला ना बावा, कडू लागते. शेंडा पायजे, तीन-चार पानाचा." पुस्तकात तरोट्यापुढे 'पाने खाद्य' असं लिहिलेलं असतं. खरी माहिती त्या बाजूला काढलेल्या ढिगात होती: वाढीच्या कोणत्या टप्प्यापर्यंत ही भाजी आहे आणि कुठून पुढे ते तण झालं. निवडलेल्या आणि टाकलेल्या दोन्ही ढिगांचा फोटो घ्या, एकेक नमुना दाबा.

वास्त्यांच्या बाबतीत रांधण्याची कृती पूर्ण लिहा. कोवळा कोंब बारीक चिरून पाण्यात ठेवतात, ते पाणी टाकून देतात आणि मगच शिजवतात. यामागे कारण आहे. कच्च्या कोंबात सायनाइड सुटणारी द्रव्यं असतात, ती या कृतीत निघून जातात. शहरातल्या एखाद्या वाचकानं तुमच्या नोंदीवरून 'बांबूचे कोंब खाद्य' एवढंच उचललं तर त्याचं पोट बिघडण्यावर भागणार नाही. आणखी एक गोष्ट इथेच विचारून घ्या. खुडलेला प्रत्येक कोंब म्हणजे न वाढलेली एक काठी, मग एका रांझीतून (बांबूच्या बेटातून) किती वास्ते घ्यायचे याचा गावात काही रिवाज आहे का? बांबूवर सूप, टोपल्या, ताटवे करणारी घरं असतील तर त्यांचं याबद्दलचं म्हणणं वास्ते खाणाऱ्यांपेक्षा वेगळं निघेल. दोन्ही लिहा.

रानभाजीची माहिती जवळपास सगळी बायकांकडे असते, तीही ज्यांना आपण सहज ओलांडून जातो त्यांच्याकडे. गावात शिरल्यावर 'जाणकार कोण' विचारलं की एखाद्या वैदूकडे किंवा पुजाऱ्याकडे नेतात. त्यांना भेटाच, पण तिथेच थांबू नका. गवतांसाठी गायकी, म्हणजे गुराखी हवा. कुसळी कोवळी असताना जनावरं खातात आणि कुसळं धरली की तोंड लावत नाहीत, तिखाडीला वासामुळे कुणी जनावर शिवत नाही, कोणत्या पडकात शेडा गवत राहिलाय, हे तो चालता चालता सांगतो. फळांसाठी शाळेतली पोरं. येरोणी कुठे लागली, टेंभरं (तेंदूची फळं) कधी पिकतात, कोणत्या झाडाची बोरं गोड, हा नकाशा त्यांच्याइतका कुणाकडेच नसतो. बोडीतल्या शिंगाड्यासाठी आणि कमळाच्या कंदांसाठी धीवर, म्हणजे मासेमार. सरपणाबद्दल तर कुणीच आपणहून सांगत नाही, कारण ते रोजचं आहे. तिथे विचारण्यापेक्षा काटा घेऊन मोळी तोला आणि त्यात कोणकोणती लाकडं आहेत ते काडी-काडी वेगळी करून लिहा.

मोह

मोहासाठी वेळ राखून ठेवा. एकच झाड सविस्तर करायला मिळालं तर मी मोहच घेईन.

मार्चच्या मध्यापासून पानं गळालेल्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस दिसू लागतात. फूल रात्री उमलतं, वटवाघळं घिरट्या घालतात आणि पहाटेपासून ते मांसल, पिवळसर पांढरं फूल टपटप खाली पडू लागतं. विद्यार्थिनींना एक पडलेलं फूल आणि एक घोस शेजारी ठेवून दाखवा. पडलेल्या फुलाच्या तळाला गोल भोक असतं. जे पडलं तो पाकळ्यांचा गोळा आणि आतले पुंकेसर. बीजकोश आणि त्याची लांब परागवाहिनी वर घोसावरच राहिलेली असते, त्या बीजकोशाचंच पुढे फळ होतं. म्हणजे फूल वेचण्यानं झाडाचं बी कमी होत नाही. निसर्गानं इतकी सोयीची तोड फार थोड्या झाडांत ठेवली आहे.

बी कमी होतं ते नंतर. जून-जुलैत फळ पिकून पडतं, त्यातली टोरी, काही गावांत टोळ म्हणतात, तेलासाठी वेचली जाते. बी घरात गेलं, उगवलेलं रोप आगीत गेलं, आगीतून वाचलेलं ढोरांनी खाल्लं, तर जुन्या मोहाखाली पोरसवदा मोह दिसत नाही. म्हणून घेर मोजताना सगळ्या मोहांची सरासरी काढून मोकळ्या होऊ नका. घेरांचे वर्ग पाडा आणि प्रत्येक वर्गात किती झाडं ते लिहा. वरचे वर्ग भरलेले आणि खालचे रिकामे निघाले, तर आज गावात भरपूर मोह आहे आणि नातवंडांच्या वेळेला नसेल, हे कागदावर दिसतं. जंगलातल्या मोहांचा आणि धुऱ्यावरच्या मोहांचा असा तक्ता वेगवेगळा करा. दोन्हींचं चित्र सारखं असेलच असं धरून चालू नका.

आगीबद्दल विचारताना जपून. पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याची पद्धत आहे, आणि वारा असला की तीच आग जंगलात जाते. वनखातं यावरून गावाला बोल लावतं, गाव वनखात्याला. तुम्ही त्या भांडणात पडू नका. कोण झाडून घेतं, कोण जाळतं, कोण जाळी किंवा जुनी लुगडी अंथरतं, झाडण्याला किती वेळ लागतो आणि घरात तेवढी माणसं आहेत का, एवढं विचारा. एकटी म्हातारी आणि पाच माणसांचं घर यांची उत्तरं वेगळी येतील आणि त्यातून जाळण्याचं कारण कळेल.

जंगलातलं कोणतं मोहाचं झाड कोणत्या घरानं वेचायचं, हे बऱ्याच गावांत ठरलेलं असतं. सरकारी कागदावर त्याची नोंद नसते, पण दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली घेऊन कुणी जात नाही. लग्न झालेल्या मुलीकडे झाड जातं का, वाटणीत झाडं कशी विभागतात, हे विचारा. गावाच्या नकाशावर ती झाडं मांडता आली तर तुमच्या कामातला तो सर्वांत मोलाचा कागद ठरेल.

मग घरात काय होतं ते बघा. अंगणात वाळत घातलेली फुलं मनुक्यासारखी तपकिरी होतात आणि वजन खूप उतरतं, म्हणून ओलं आणि वाळलं दोन्ही तोला. बाहेरच्यांना मोह म्हटलं की दारूच आठवते. ती गाळली जाते, देवकार्यातही लागते, तेही लिहा. पण भाजून जवसाबरोबर कुटलेले लाडू, पिठात मळून केलेल्या भाकरी-पुऱ्या, बैलांना घालायचं खाद्य हेही मोहच आहे, आणि आधीच्या पिढ्यांनी टंचाईचे दिवस यावरच काढलेले आहेत. कोणत्या घरात आज अजून खाण्यासाठी मोह ठेवतात आणि कोणत्या घरातून सगळा व्यापाऱ्याकडे जातो, हा फरक टिपा.

एक सूचना कडक शब्दांत. पेंचच्या आजूबाजूला वाघ आहे. पहाटे वाकून फुलं वेचणाऱ्या माणसांवर विदर्भात हल्ले झालेले आहेत. मुलींना पहाटे जंगलातल्या झाडाखाली पाठवू नका. धुऱ्यावरची आणि गावालगतची झाडं घ्या, आणि आत जायचंच असेल तर वनरक्षक आणि गावातली दोन-तीन माणसं सोबत हवीत.

चार आणि तेंदू

चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, गोष्ट मोहाच्या उलट. इथे विकायचा माल म्हणजे बीच. एप्रिल-मेमध्ये फळ जांभळट काळं पिकतं, त्याच्या कठीण कवचातून चारोळी काढतात. नागपुरातल्या इतवारीच्या किराणा ओळीत चारोळी ज्या भावानं विकली जाते त्याचा छोटासा हिस्सा वेचणाऱ्याला मिळतो, पण तोही एवढा असतो की फळ पिकेपर्यंत थांबायला कुणाला परवडत नाही. मी थांबलो तर दुसरा तोडून नेईल. म्हणून हिरवंच तोडतात, घाईत फांदीच मोडतात, आतली चारोळी पोचट निघते आणि पुढच्या वर्षीचा बहर मोडलेल्या फांदीबरोबर जातो. म्हाताऱ्यांना विचारा: तुमच्या लहानपणी चार तोडायला कोणत्या सणाच्या आसपास जायचे? आज कधी जातात? या दोन उत्तरांमधलं अंतर लिहा. कोणत्याही निर्देशांकापेक्षा ते अंतर झाडावरचा दाब नेमका सांगतं.

हे अटळ आहे असं मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं बांबूवर रोजगार उभा केला आणि तेंदूपत्ता तोडणं बंद करायचं ठरवलं, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात आणि फळ धरत नाही. रोख पैसा देणारी गोष्ट एका गावानं विचार करून सोडली. त्याआधी गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचे वाहतूक परवाने मिळाले होते. तुमच्या गावात ग्रामसभेनं चार तोडण्याची तारीख ठरवायची म्हटलं तर तुमची हंगामाची नोंद थेट कामी येईल.

नाव, नमुना आणि प्लॉट

गावातलं नाव लिहिलं म्हणजे वनस्पती कळली असं होत नाही. कुड्याचं उदाहरण देतो, कारण त्यात औषधाचाही प्रश्न आहे. कुडा म्हणून दोन झाडं दाखवली जातात. दोन्हींना पांढरी फुलं, समोरासमोर पानं, तोडलं की चीक, लांब जोडशेंगा आणि केसाळ बिया. एक होलॅर्हेना, पांढरा कुडा, ज्याची कडू साल हगवणीवर वापरतात आणि बी कडू इंद्रजव म्हणून विकलं जातं. दुसरा राइटिया, काळा कुडा, ज्याचं बी गोड इंद्रजव. बाजारात एकाच्या जागी दुसरं सहज खपतं. फूल असेल तर बघा: राइटियाच्या मध्यभागी झालरीसारखी वाढ असते आणि परागकोश शंकूच्या आकारात बाहेर आलेले असतात, होलॅर्हेनात तसं काही नसतं. राइटियाच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाशी चिकटलेल्या असतात. हे हातात नमुना असेल तरच तपासता येतं. फोटोत झालर दिसली नाही की पुढे काहीच करता येत नाही.

म्हणून प्रत्येक जातीचा फूल किंवा फळ असलेला नमुना, क्रमांक घातलेला. पावसाळ्यात वर्तमानपत्रं रोज बदला, नाहीतर दोन दिवसांत बुरशी. चिठ्ठीवर तारीख, जागा, फुलाचा ताजा रंग, गावात सांगितलेलं नाव आणि ते कुणी सांगितलं हे सगळं तिथल्या तिथे लिहा. रंग सुकल्यावर उडतो आणि नाव घरी आल्यावर विसरतं. एकाच झाडाला गोंड घरात एक, शेजारच्या घरात दुसरं नाव असेल तर दोन्ही ठेवा. ओळख पक्की करायला विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नमुने घेऊन जा.

प्लॉटचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला येतं. झाडांसाठी १० बाय १० मीटर, त्यात झुडपांसाठी ५ बाय ५ आणि शाकीय वनस्पतींसाठी १ बाय १. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर. संख्या आधी ठरवू नका, नवी जाती मिळणं जवळपास थांबेपर्यंत वाढवत न्या. पण सगळे प्लॉट सागवनात टाकू नका. सागवन, नाल्याचा काठ, गायरान, धुरा, बोडी आणि सांदवाडी असे गट पाडून प्रत्येकात घ्या. गावाच्या खाण्यातलं बरंच काही जंगलाबाहेर, धुऱ्यावर आणि सांदवाडीतच निघतं. रस्त्याच्या कडेला घाणेरी, रानतुळस, गाजरगवत किती आत शिरलंय ते वेगळं मोजा आणि ते कधीपासून दिसू लागलं हे गायक्याला विचारा. जातींचं वैविध्य मोजणारा शॅनन निर्देशांक काढायचा तर या गटांची तुलना करायला काढा. वापराचं महत्त्व मोजायला तो उपयोगाचा नाही.

औषधी वनस्पती

त्या नोंदवा, पण तीन पथ्यं पाळा. 'अमुक रोगावर गुणकारी' असं लिहू नका. 'अमुक त्रासात अमुक घरी असं वापरतात' असं लिहा. शेवटचं कधी वापरलं, तेही विचारा. आठवणीतलं औषध आणि मागच्या पावसाळ्यात खरंच उगाळून घेतलेलं औषध यात फार अंतर असतं. आणि विषारी वनस्पतींचं प्रमाण, कृती छापू नका. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी कंदापासून बियांपर्यंत विषारी आहे. गराडीचं लाकूड खांबांना टिकाऊ म्हणून वापरतात आणि तिच्याच पाल्याच्या काढ्यानं माणूस दगावतो. वैदू हे जाणून असतो, तुमचा निबंध वाचणारा जाणून नसतो.

वैदूनं एखादी गोष्ट सांगून 'लिहू नका' म्हटलं, तर वही मिटा. नंतर आठवणीतूनही लिहू नका. तो त्याचा चरितार्थ आहे.

परवानगी आणि पुढचं

जागा व्याघ्र प्रकल्पात किंवा अभयारण्यात येत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संशोधनासाठी परवानगी लागते. अर्ज महाविद्यालयामार्फत करा आणि नमुने तोडणार असल्याचं स्पष्ट लिहा. नुसतं 'सर्वेक्षण' लिहून आत जाऊन फांदी तोडता येत नाही. बाहेरच्या वनात प्रादेशिक वनविभागाचं पत्र लागेल. काम जुलैत सुरू करायचं तर अर्ज उन्हाळ्याआधी टाका. नागपूर जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू होत नाही. वनहक्क कायदा, २००६ मात्र लागू आहे. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे का ते आधी बघा, मिळाला असेल तर ग्रामसभेचा ठराव घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. मिळाला नसला तरी ग्रामसभेत उभं राहून काय करणार, कशासाठी, ते कुठे छापलं जाईल आणि गावाला त्यातून काय मिळेल हे मराठीत, शक्य असेल तर गोंडी बोलणाऱ्या कुणाकरवी गोंडीतही सांगा. सरपंचाची सही म्हणजे गावाची संमती असं समजू नका.

जैवविविधता कायदा, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. ती वही मागून बघा. चांगली असेल तर तिथून पुढे चला, आणि कोरी किंवा दुसऱ्या गावावरून उतरवलेली वाटली तर तुमचं काम तीच वही नीट भरण्याचं आहे असं समजा. राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तिथे एकदा जाऊन या.

किती लोकांना भेटावं, याचं उत्तर घरांच्या हिशोबानं द्या. लहान गाव असेल तर प्रत्येक घर, मोठं असेल तर प्रत्येक वस्तीतून आणि जमीन असलेल्या-नसलेल्या दोन्ही प्रकारची. भूमिहीन घर जंगलावर जास्त अवलंबून असतं आणि सभेत सर्वांत कमी बोलतं. जो तुमच्यासोबत दिवसभर चालेल त्याला त्या दिवसाची मजुरी द्या आणि ती अंदाजपत्रकात आधीच लिहा. ज्यांची इच्छा असेल त्यांची नावं लेखात माहिती देणारे म्हणून छापा.

काम झालं की छापण्याआधी कच्ची नोंद ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. लोक चुका काढतील, भर घालतील. एखादी जागा किंवा वापर काढून टाका म्हणाले, विशेषतः देवस्थानाची झाडं किंवा दुर्मिळ कंदांच्या जागा, तर काढा, मासिकाच्या संपादकानं मागितलं तरी देऊ नका. सफेद मुसळीची जागा नकाशावर छापली आणि पुढच्या पावसाळ्यात ती खणून नेलेली सापडली, असं होऊ देऊ नका.

नमुन्यांचा एक संच विद्यापीठात ठेवा आणि एक गावच्या जिल्हा परिषद शाळेला द्या. शाळेच्या संचाला मात्र मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण लावू नका. वनस्पतिसंग्रहांत किडीसाठी ते पूर्वापार वापरलं जातं, पण ते पाऱ्याचं विष आहे आणि पोरं त्या कागदांना हात लावणारच. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर एकदा ऊन दाखवायला गुरुजींना सांगून ठेवा.